सल्फानिलामाइड: १९ अणूंचा रेणू आणि त्यातून निघालेली औषधांची घराणी

रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, काचबिंदूसाठी डॉर्झोलामाइडचे थेंब, जंतुसंसर्गासाठी को-ट्रायमॉक्साझोल. चार निराळे आजार, त्यांचे चार निराळे तज्ज्ञ. पण या चारही औषधांचा माग काढत मागे गेलं की आपण एकाच पदार्थापाशी येऊन पोचतो. तो पदार्थ म्हणजे सल्फानिलामाइड. आज माणसांच्या औषधांत तो स्वतः फारसा वापरला जात नाही, मात्र त्याची लेकरं-नातवंडं जगभर रोज घेतली जातात.

औषधांच्या इतिहासात मला या रेणूइतकं शिकवणारं दुसरं काही सापडलेलं नाही. त्याच्यापासून निघालेली बरीच औषधं कुणी ठरवून शोधलेली नाहीत. रुग्णाला एका आजारासाठी गोळी दिली, भलतंच काहीतरी झालं, आणि कुणीतरी ते ‘दुष्परिणाम’ म्हणून बाजूला न सारता नीट पाहिलं. पुढचं औषध तिथून निघालं. हे एकदा नव्हे, अनेकदा घडलं. कसं, ते समजायला आधी रेणूची रचना पाहू. ती खरंच सोपी आहे.

६ कार्बन, ८ हायड्रोजन, २ नायट्रोजन, २ ऑक्सिजन आणि १ सल्फर, असे एकूण १९ अणू. मधोमध सहा कार्बनचं बेंझीनचं कडं. कड्याच्या एका टोकाला अमाइन गट, म्हणजे एक नायट्रोजन आणि दोन हायड्रोजन. बरोबर समोरच्या टोकाला सल्फोनामाइड गट: सल्फर, त्याला चिकटलेले दोन ऑक्सिजन, आणि पुढे पुन्हा नायट्रोजन व दोन हायड्रोजन. पुढचं सगळं या दोन टोकांवर अवलंबून आहे. एक टोक मोकळं ठेवून दुसरं बदललं की एक प्रकारचं औषध होतं. पहिलं काढून टाकून दुसरं मोकळं ठेवलं की अगदी वेगळ्या प्रकारचं. वाचताना अमाइन टोक आणि सल्फोनामाइड टोक एवढे दोनच शब्द लक्षात ठेवा.

पाउल गेल्मो या व्हिएन्नातल्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने डॉक्टरेटचं काम करताना १९०८ साली हा रेणू पहिल्यांदा तयार केला. तेव्हा जर्मन भाषिक प्रदेशात रसायनशास्त्र म्हणजे मुख्यतः रंगांचा उद्योग होता. सल्फोनामाइड गट असलेले रंग लोकरीवर पक्के बसतात, म्हणून पुढच्याच वर्षी या रेणूचं पेटंट घेतलं गेलं, तेही रंगासाठीच. त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षं तो पेटंटच्या कागदांत पडून राहिला. याच काळात पहिलं महायुद्ध झालं, जखमा चिघळून असंख्य सैनिक गेले, बाळंतज्वराने आया गेल्या, आणि या सगळ्यावर उपयोगी पडणारा पदार्थ कपाटात होता. तो जंतूंवर चालतो का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

तो प्रश्न शेवटी विचारला गेला, पण आडवळणाने. सूक्ष्मदर्शकाखाली काही रंग जंतूंना चिकटतात आणि आसपासच्या पेशींना चिकटत नाहीत, हे पाउल एर्लिख यांनी दाखवलं होतं. मग असा रंग जंतूला मारून माणसाला सोडून देईल का? जर्मनीत एल्बरफेल्ड इथे बायरच्या प्रयोगशाळेत योजेफ क्लारर आणि फ्रिट्झ मीट्झ हे दोघे एकामागून एक रंग बनवत आणि गेरहार्ड डोमाक ते जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांना देऊन पाहत. १९३२ च्या अखेरीस एका लालभडक रंगाने स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू टोचलेले उंदीर वाचवले. त्याचं नाव पुढे प्रॉन्टोसिल पडलं. डोमाक यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले ते फेब्रुवारी १९३५ मध्ये. याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या लहान मुलीच्या हातात सुई घुसून संसर्ग हात कापावा लागेल इतका चढला, तेव्हा त्यांनी तिला हेच औषध दिलं आणि तिचा हात वाचला.

प्रॉन्टोसिलमध्ये एक कोडं होतं. परीक्षानळीत जंतूंवर ओतलं तर ते काहीच करत नसे. उंदराच्या शरीरात गेलं की मात्र काम करे. डोमाक यांनी जिवंत प्राण्यावर चाचणी घ्यायचा आग्रह धरला नसता, फक्त नळीतल्या निकालावर विसंबले असते, तर हा पदार्थ पहिल्याच दिवशी बाद झाला असता.

कोडं सुटलं पॅरिसमध्ये. पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एर्नेस्त फूर्नो यांच्या प्रयोगशाळेत झाक आणि तेरेझ त्रेफुएल हे दांपत्य, फेदेरिको नित्ती आणि दानिएल बोव्हे यांनी १९३५ च्या नोव्हेंबरात दाखवलं की प्रॉन्टोसिल शरीरात मधोमध तुटतं. रंग देणारा भाग एकीकडे जातो आणि दुसरीकडे उरतं साधं, पांढरं, बिनरंगी सल्फानिलामाइड. जंतूंना रोखणारं तेच. लाल रंगाचा त्यात काही वाटाच नव्हता, रंग जंतूला चिकटतो म्हणून मारतो हा मूळ विचारच चुकीचा होता, तरी त्या विचारानेच औषध मिळालं. आणि १९०९ चं पेटंट एव्हाना संपलेलं होतं. म्हणजे हे औषध आता कुणीही, कुठेही, स्वस्तात बनवू शकत होतं.

पुढे काय झालं ते आज कल्पनेत आणणं अवघड आहे. लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी बाळंतज्वराच्या रुग्णांना प्रॉन्टोसिल दिलं. अशा स्त्रियांपैकी साधारण चारांतली एक दगावत असे. १९३६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पहिल्या गटात मृत्यूचं प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास आलं. बाळंतपण सुखरूप होऊनही आठवडाभरात तापाने आई जाणं, ही पिढ्यान्‌पिढ्या नशिबाची म्हणून सोसलेली गोष्ट होती. ती आता थांबवता येत होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा, फ्रँकलिन रूझवेल्ट धाकटे, घशाच्या गंभीर संसर्गातून याच औषधाने बरा झाला आणि वर्तमानपत्रांनी ‘सल्फा’ हे या औषधांचं छोटं नाव घरोघर पोचवलं. डोमाक यांना १९३९ चं नोबेल पारितोषिक जाहीर झालं. नाझी राजवटीने त्यांना अटक करून ते नाकारायला लावलं. पदक त्यांच्या हाती आलं १९४७ साली, रक्कम मात्र मिळाली नाही.

प्रसिद्धीची दुसरी बाजू १९३७ च्या शरद ऋतूत दिसली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर होणार नाही. सल्फानिलामाइड पाण्यात फारसं विरघळत नाही. मुलांना देता येईल असं पातळ औषध बनवायला अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या मॅसेंगिल कंपनीने ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं. चव, वास आणि रंग तपासले. विषारीपणा तपासला नाही. डायइथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडं निकामी करतं. काही आठवड्यांत शंभराहून अधिक माणसं मेली, त्यांतली बरीच लहान मुलं होती, आणि घशाच्या दुखण्यासारख्या साध्या तक्रारीसाठी त्यांना हे औषध दिलं गेलं होतं. तेव्हाच्या कायद्यात औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवण्याचं बंधनच नव्हतं. सरकारी निरीक्षकांनी दुकानं, दवाखाने, घरं पालथी घालून उरलेल्या बाटल्या गोळा केल्या त्या लेबल चुकीचं असल्याच्या कारणावरून, कारण कायद्याने तेवढंच हाती दिलं होतं. १९३८ साली अमेरिकेत नवा कायदा आला आणि नवं औषध बाजारात आणण्याआधी त्याची सुरक्षितता सिद्ध करणं सक्तीचं झालं. त्या मुलांचा जीव सल्फानिलामाइडने घेतला नव्हता, ते विरघळवायला घेतलेल्या द्रवाने घेतला होता. हेच विष नंतरच्या काळातही वेगवेगळ्या देशांत मुलांच्या सिरपमध्ये पुन्हा पुन्हा सापडत राहिलं आहे, आणि दर वेळी ते वाचताना संताप होतो, कारण काय तपासायला हवं हे जगाला १९३७ पासून ठाऊक आहे.

आता जंतूंचं काय होतं ते पाहू. सल्फानिलामाइड जंतूला फोडत नाही, विरघळवत नाही. ते त्याला फसवतं. प्रत्येक पेशीला नवं डीएनए बनवायला फॉलिक ॲसिड लागतं. माणूस ते अन्नातून घेतो. आपल्या शरीराला ते बनवताच येत नाही. बहुतेक जंतूंची गोष्ट उलटी आहे: ते बाहेरून घेऊ शकत नाहीत, स्वतः बनवतात. त्यासाठी त्यांना एक छोटा रेणू कच्चा माल म्हणून लागतो, पॅरा-अमिनोबेंझॉइक ॲसिड. हा रेणू पाहिला की सगळा उलगडा होतो: मधोमध बेंझीनचं कडं, एका टोकाला अमाइन गट, समोरच्या टोकाला आम्लाचा गट. आकार, लांबी, विद्युतभार, सगळं जवळजवळ सल्फानिलामाइडसारखं. जंतूचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, चुकून सल्फानिलामाइड उचलतं. माळ ओवणाऱ्याच्या हाती दिसायला हुबेहूब पण भोक नसलेला मणी यावा तसं होतं. हात अडकतो आणि माळ पुढे सरकत नाही.

डॉनल्ड वुड्स आणि पॉल फाइल्ड्स यांनी हे १९४० साली उलगडलं. यीस्टच्या अर्कात असं काहीतरी आहे ज्यामुळे सल्फाचा परिणाम पुसला जातो, हे वुड्स यांच्या लक्षात आलं होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे पॅरा-अमिनोबेंझॉइक ॲसिडच निघालं. औषध नेमकं कुठे, कशाच्या जागी बसून काम करतं हे इतक्या स्पष्टपणे कळण्याचं हे फार आधीचं उदाहरण आहे. एखाद्या गरजेच्या रेणूची नक्कल करून पेशीला अडवायचं, ही कल्पना पुढे कर्करोगाच्या औषधांपर्यंत गेली.

ही यंत्रणा समजली की सल्फाच्या औषधांच्या सगळ्या सवयी कळतात. ती जंतूंची वाढ थांबवतात, थेट मारत नाहीत. उरलेलं काम रुग्णाच्या प्रतिकारशक्तीने करायचं असतं. परिणाम लगेच दिसत नाही, कारण जंतूंकडे फॉलिक ॲसिडचा साठा असतो आणि तो संपेपर्यंत काही पिढ्या जातात. पू भरलेल्या जखमेत ती नीट चालत नाहीत, कारण मेलेल्या पेशींतून जंतूंना हवी ती सामग्री आयती मिळते. आणि माणसाला ती त्या अर्थाने बाधत नाहीत, कारण अडवलेला रस्ता आपल्या शरीरात मुळात नाहीच.

रसायनशास्त्रज्ञांना इथे एक नियम मिळाला. जंतूंवर परिणाम हवा असेल तर अमाइन टोक मोकळं राहिलंच पाहिजे, कारण फसवणूक तिथूनच जुळते. बदल करायचे ते सल्फोनामाइड टोकाच्या नायट्रोजनवर. तिथे वेगवेगळी कडी जोडून सल्फापिरिडीन, सल्फाथायाझोल, सल्फाडायझीन, सल्फामेथॉक्साझोल अशी मालिका तयार झाली. प्रत्येक पुढची जास्त ताकदीची किंवा कमी त्रासाची. सल्फापिरिडीनने १९३८ पासून न्यूमोनियाचे मृत्यू घटवले. १९४३ च्या डिसेंबरात उत्तर आफ्रिकेत न्यूमोनियाने आजारी पडलेल्या विन्स्टन चर्चिल यांनाही सल्फा गटातलंच औषध दिलं होतं. या मालिकेचा एक त्रास म्हणजे औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात साचत. सल्फा घेताना भरपूर पाणी प्या, हा सल्ला तिथून आला.

जंतूही गप्प बसले नाहीत. परम्याच्या जंतूंवर १९४० च्या दशकातच सल्फा चालेनाशी झाली. तोवर पेनिसिलिन आलं आणि सल्फाचा पहिला मान गेला. तरी ती संपली नाही, कारण १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिला एक जोडीदार मिळाला: ट्रायमेथोप्रिम. सल्फामेथॉक्साझोल फॉलिक ॲसिडच्या साखळीतली एक पायरी अडवतं, ट्रायमेथोप्रिम पुढची पायरी. दोन्ही मिळून को-ट्रायमॉक्साझोल. एचआयव्हीबाधितांमधल्या एका विशिष्ट न्यूमोनियावर ते आजही पहिल्या पसंतीचं औषध आहे. सल्फाडॉक्सिन आणि पायरिमेथामिन ही हिवतापावरची जोडी याच तत्त्वावर चालते.

इथपर्यंतची गोष्ट थोडीफार सांगितली जाते. मला जास्त मोलाची वाटते ती यापुढची.

सल्फानिलामाइड घेणारे काही रुग्ण जोरजोरात श्वास घेऊ लागत, हे १९३७ च्या सुमारास डॉक्टरांनी नोंदवलं. रक्त तपासलं तर त्यात आम्ल वाढलेलं, आणि लघवी मात्र आम्लाच्या उलट, अल्कधर्मी. जंतुसंसर्गाशी याचा काही संबंध लागेना. १९४० साली केंब्रिजमध्ये मान आणि केलिन यांनी कारण दाखवलं. आपल्या रक्तपेशींत आणि मूत्रपिंडात कार्बोनिक ॲनहायड्रेज नावाचं एन्झाइम असतं. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांची बायकार्बोनेटमध्ये, म्हणजे आम्ल शमवणाऱ्या पदार्थात, अदलाबदल ते झपाट्याने करून देतं. सल्फानिलामाइड त्याला बंद पाडत होतं. मूत्रपिंडाला बायकार्बोनेट परत शोषून घेता येत नव्हतं, ते लघवीवाटे जात होतं, सोबत सोडियम जात होतं, आणि सोडियमपाठोपाठ पाणी. शरीरात आम्ल उरत होतं, आणि ते घालवण्यासाठी फुप्फुसं धापा टाकत होती.

हे काम रेणूचं दुसरं टोक करत होतं. या एन्झाइमच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो आणि मोकळं सल्फोनामाइड टोक त्या जस्ताला जाऊन चिकटतं. म्हणूनच सल्फापिरिडीनसारख्या, त्या टोकाला कडी जोडलेल्या औषधांनी हा त्रास होत नसे. दोन टोकांची दोन कामं एकमेकांपासून वेगळी करता येतात, हे इथे कळलं.

विल्यम श्वार्ट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी १९४९ साली उलटा प्रश्न विचारला. हृदय कमकुवत झालेल्या, अंगावर सूज चढलेल्या रुग्णांच्या शरीरात मीठ-पाणी साचतं. मग मीठ-पाणी घालवणारा हा ‘त्रास’ त्यांना मुद्दाम दिला तर? त्यांनी मोठ्या मात्रेत सल्फानिलामाइड दिलं आणि सूज उतरली. इतकी मात्रा रोज देणं धोक्याचं होतं, पण दिशा मिळाली. तोवर सूज उतरवायला पाऱ्याची इंजेक्शनं देत असत. थोड्याच काळात रॉब्लिन आणि सहकाऱ्यांनी ॲसिटाझोलामाइड तयार केलं, त्या एन्झाइमवर सल्फानिलामाइडच्या शेकडो पट प्रभावी.

ॲसिटाझोलामाइड लघवी वाढवण्यासाठी फार टिकलं नाही, कारण काही दिवसांत त्याचा जोर ओसरतो. पण तेच एन्झाइम डोळ्यात पाणी पाझरवण्याचं कामही करतं. ते थांबवलं की डोळ्यातला दाब उतरतो. अशा रीतीने १९५० च्या दशकात ते काचबिंदूवर वापरात आलं. पुढे १९९५ मध्ये आलेल्या डॉर्झोलामाइडच्या थेंबांनी तोच परिणाम थेट डोळ्यापुरता मर्यादित ठेवला. उंच डोंगरावर जाणाऱ्यांनाही ॲसिटाझोलामाइड देतात. विरळ हवेत श्वास पुरेसा वाढत नाही, विशेषतः झोपेत. या गोळीने रक्त किंचित आम्ल होतं आणि श्वास आपोआप वाढतो. म्हणजे १९३७ च्या रुग्णांना झालेली धाप, योग्य मात्रेत आणि योग्य जागी, उपचार झाली. औषधाचा परिणाम आणि दुष्परिणाम यांत रेणू स्वतः काही फरक करत नाही, याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा माहीत नाही.

मर्क कंपनीतल्या कार्ल बायर, जेम्स स्प्रेग, जॉन बेअर आणि फ्रेडरिक नोव्हेलो यांच्या चमूला बायकार्बोनेट घालवणारं औषध नको होतं. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. सोडियमबरोबर क्लोराइड बाहेर टाकणारं औषध त्यांना हवं होतं. एका कड्यावर दोन सल्फोनामाइड गट असलेले रेणू बनवताना एका अभिक्रियेत अपेक्षेपेक्षा वेगळंच, दुसरं कडं जोडलेलं संयुग निघालं. ते टाकून न देता त्यांनी तपासलं. ते क्लोरोथायझाइड होतं. १९५७ साली ते जाहीर झालं आणि रक्तदाबाच्या उपचारांचं चित्र बदललं, कारण रोज तोंडावाटे घेता येईल आणि माणसाला नीट सोसेल अशी गोळी त्याआधी जवळजवळ नव्हतीच. हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन याच घराण्यातली. हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या सुजेवर दिलं जाणारं फ्युरोसेमाइडही जवळचंच. या औषधांचं मुख्य काम आता कार्बोनिक ॲनहायड्रेजवर राहिलेलं नाही. ती मूत्रनलिकेतल्या मीठ परत शोषणाऱ्या प्रथिनांना अडवतात. काम बदललं, पण सल्फोनामाइड टोक अंगावर तसंच राहिलं.

तिसरी शाखा फ्रान्समधली. युद्धकाळात, १९४२ साली, माँपेलिए इथे मार्सेल जाँबाँ हे विषमज्वराच्या रुग्णांवर एक नवी सल्फा वापरून पाहत होते. काही रुग्णांना झटके येऊ लागले, काही बेशुद्ध झाले, काही दगावले. तापाने खंगलेल्या माणसाबाबत हे आजारावर ढकलून मोकळं होणं सोपं होतं. पण रक्तातली साखर तपासली गेली आणि ती फार खाली गेलेली दिसली. जाँबाँ यांनी हे ओग्युस्त लुबातिएर यांना सांगितलं. लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. औषध दिलं की साखर उतरे. ज्या कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं होतं, त्याची मात्र उतरत नसे. अर्थ उघड होता: औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं.

हे कळूनही युद्धाच्या धामधुमीत विषय मागे पडला. दशकभराने जर्मनीत कार्बुटामाइड ही सल्फा जंतुनाशक म्हणून तपासताना पुन्हा साखर घसरली, आणि या वेळी लगेच त्यातून मधुमेहाची गोळी निघाली. कार्बुटामाइडमध्ये अमाइन टोक शाबूत होतं, त्यामुळे ते जंतूंवरही चालत होतं. मधुमेह्याला आयुष्यभर जंतुनाशक देणं बरं नव्हे. म्हणून ते टोक काढून तिथे साधा मिथाइल गट बसवला, तेव्हा टोल्बुटामाइड झालं. जंतूंवरचा परिणाम गेला, साखर उतरवणं राहिलं. पुढे ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिमेपिराइड आली. या घराण्याला सल्फोनिलयुरिया म्हणतात. यांत सल्फोनामाइड टोकाच्या नायट्रोजनला पुढे आणखी एक साखळी जोडलेली असते. स्वादुपिंडाच्या पेशीवर पोटॅशियम बाहेर सोडणारं एक दार असतं. या गोळ्या ते बंद करतात, पेशी चेतवली जाते आणि इन्शुलिन सुटतं. म्हणून ज्यांचं स्वादुपिंड अजून इन्शुलिन बनवतं, त्यांनाच म्हणजे टाइप २ मधुमेहातच त्या उपयोगी पडतात. आणि जाँबाँ यांच्या रुग्णांना जे झालं, साखर फार उतरणं, तोच आजही यांचा मुख्य धोका आहे. गोळी घेऊन जेवण चुकवू नका असं डॉक्टर बजावतात ते यासाठी.

एक गोष्ट इथे सांगावीच लागेल. थायझाइडच्या घराण्यात डायझॉक्साइड नावाचं औषध आहे. ते पोटॅशियमचं तेच दार उघडं ठेवतं, इन्शुलिन अडवतं आणि साखर वाढवतं. जन्मतःच ज्या बाळांच्या शरीरात इन्शुलिन जास्त सुटतं, त्यांना ते देतात. एकाच मूळ रेणूतून साखर उतरवणारं औषध निघालं आणि चढवणारंही, दोन्ही एकाच दारापाशी उभी.

लहान शाखा थोडक्यात. सल्फाग्वानिडीन दिलेल्या उंदरांच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजली. हे पाहण्यातून थायरॉइडचा अतिरेक आवरणारी औषधं शोधण्याची वाट खुली झाली. पेनिसिलिन दुर्मीळ असताना ते लघवीवाटे लवकर जाऊ नये म्हणून शोधलेलं प्रोबेनेसिड नंतर गाउटच्या संधिवातावर कामी आलं. कुष्ठरोगावरचं डॅप्सोन हे चुलतभावंड. जंतूला फसवायची त्याची रीत सल्फासारखीच. आणि स्वीडनमध्ये नाना स्वार्ट्झ यांनी घडवलेलं सल्फासलाझीन तर प्रॉन्टोसिलचीच युक्ती करतं: मधोमध जोडलेलं औषध मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जंतू ते तोडतात, आणि सुटलेला एक भाग आतड्याची सूज उतरवतो.

आता एक व्यवहाराचा प्रश्न. ‘सल्फाची ॲलर्जी’ असलेल्या माणसाने या सगळ्याच औषधांपासून लांब राहावं का? उत्तर पुन्हा दोन टोकांत आहे. जंतुनाशक सल्फांमध्ये अमाइन टोक मोकळं असतं, आणि दुसऱ्या टोकाला जोडलेलं कडं असतं. अंगावर येणाऱ्या पुरळापासून त्वचा सोलवटणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमपर्यंतच्या प्रतिक्रिया मुख्यतः या दोन भागांशी निगडित आहेत. हायड्रोक्लोरोथायझाइड, फ्युरोसेमाइड, ग्लिमेपिराइड, ॲसिटाझोलामाइड यांत हे भाग तसे नसतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जंतुनाशक सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना या इतर औषधांचाही त्रास जास्त झालेला दिसला. पण त्याच लोकांना पेनिसिलिनचा त्रास त्याहूनही जास्त झाला होता, आणि पेनिसिलिनचा सल्फाशी रासायनिक संबंध नाही. म्हणजे काही शरीरंच औषधांना पटकन प्रतिक्रिया देतात. औषधांच्या माहितीपत्रकांत सावधगिरीची सूचना तरीही असते, आणि निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा.

अपवाद मात्र ध्यानात ठेवा. सल्फासलाझीन तुटल्यावर त्यातून सल्फापिरिडीन सुटतं, ती अस्सल जंतुनाशक सल्फा आहे, म्हणून ॲलर्जी असलेल्यांनी ते टाळायचं. डॅप्सोनवरही मोकळी अमाइन टोकं आहेत. तिथेही काळजी हवी. उलट सल्फेटयुक्त क्षार किंवा खाद्यपदार्थांतले सल्फाइट यांचा या ॲलर्जीशी संबंध नाही, त्यांत फक्त सल्फर समान आहे. आणि कधी प्रतिक्रिया आलीच असेल तर ‘सल्फा चालत नाही’ एवढंच न सांगता औषधाचं पूर्ण नाव, ते सुरू केल्यावर किती दिवसांनी त्रास झाला आणि नेमका काय झाला, हे लिहून जवळ ठेवा. रक्तदाबाची किंवा काचबिंदूची साधी गोळी द्यायची की नाही, हे ठरवताना डॉक्टरांना तेवढी नोंद पुरते.